प्रबंधातला हायडेगर आणि जेडी ऑफिससमोरचं धरणं

पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी 29 वर्षांची आहे. तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तत्त्वज्ञान शिकवते आणि मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञावर पीएचडी करते. पाचपैकी तीन प्रकरणं लिहून झाली आहेत. त्याचं 'बीइंग अँड टाइम' हातात आलं ते बाबा गेले त्या वर्षी. मरण ज्याचं त्याचं असतं, ते दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही, हे त्यात वाचलं आणि वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय. तेव्हापासून हा माणूस सुटला नाही. तो नाझी पक्षात होता एवढं माहीत होतं. पण त्याच्या 'काळ्या वह्या', म्हणजे त्याच्या खासगी नोंदवह्या, यंदा वाचल्या आणि आता मला माझंच प्रकरण उघडवत नाही. धाकटा भाऊ चळवळीत आहे. तो म्हणतो, "ताई, फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात राहून तू नाझ्यावर पीएचडी करतेस." गाइड म्हणतात, "माणूस वेगळा, तत्त्वज्ञान वेगळं. प्रस्तावनेत एक तळटीप टाक आणि पुढे चल."

दुसरी गोष्ट. आमचं मानधन कित्येक महिने थकलंय. पुढच्या महिन्यात जेडी ऑफिससमोर (उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयासमोर) धरणं आहे, बाकीचे सीएचबीवाले मलाही ये म्हणतात. गाइडना विचारलं तर म्हणाले, "हायडेगर राजकारणात उतरला, त्याचं काय झालं बघितलंस ना? आपल्या विषयाच्या माणसानं या फंदात पडू नये." मी विषय बदलू का? धरण्याला जाऊ का? मला 'अगं' म्हणालात तर बरं वाटेल.

— एक वाचक

उत्तर

अगं, तुझ्या सरांची दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघ. प्रबंधाचं बोलणं निघालं की माणूस वेगळा आणि तत्त्वज्ञान वेगळं. धरण्याचं बोलणं निघालं की तोच माणूस सगळ्या तत्त्वज्ञानवाल्यांसाठी धडा. दोन्ही एकदम कसं चालेल? माणूस खरंच वेगळा असेल, तर 1933 साली जर्मनीतल्या एका प्राध्यापकानं काय केलं यावरून तुझ्या-माझ्या विषयाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. एखादा दंतवैद्य नाझी पक्षात गेला म्हणून दंतवैद्यकाबद्दल जेवढं सिद्ध होईल तेवढंच. आणि माणूस वेगळा नसेल, तर तळटीप पुरणार नाही. सरांच्या मनात वाईट काही नाही. तुझा प्रबंध वेळेत जमा व्हावा आणि परीक्षकांनी खुसपट काढू नये, एवढंच त्यांना हवं असणार. भाऊ दुसऱ्या टोकाकडून तीच घाई करतो आहे. सरांना पुस्तक वाचवायचंय आणि भावाला टाकून द्यायचंय. पण पुस्तकात नेमकं कुठे काय आहे ते उघडून बघायची तसदी दोघांनाही नको आहे. ते काम तुझ्यावर येऊन पडलंय, आणि खरं सांगायचं तर तुझं चौथं प्रकरण तेच आहे.

आधी त्यानं काय काय केलं ते बघू. 21 एप्रिल 1933 ला हायडेगर फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे आपल्याकडचा कुलगुरू, म्हणून निवडून आला. 1 मे रोजी नाझी पक्षाचा सदस्य झाला. 27 मे रोजी पदग्रहणाचं भाषण केलं. त्यात विद्यार्थ्यांना श्रमसेवा, सैन्यसेवा आणि ज्ञानसेवा अशा तीन सेवांत बांधून घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांना लेखी सांगितलं की फ्यूरर (म्हणजे हिटलर) आणि फक्त फ्यूरर हेच आजचं आणि उद्याचं जर्मन वास्तव आहे, तोच त्या वास्तवाचा कायदा. एप्रिल 1934 मध्ये पद सोडलं. पक्ष मात्र 1945 पर्यंत सोडला नाही. आपले गुरू हुसर्ल यांना त्यानं ग्रंथालयात यायला बंदी केली, अशी एक गोष्ट सांगितली जाते; तिला पुरावा नाही, ती प्रबंधात घालू नकोस. घालायचंच असेल तर हे घाल: 'बीइंग अँड टाइम' हुसर्ल यांना अर्पण केलेलं होतं, आणि 1941 च्या आवृत्तीतून ती अर्पणपत्रिका गेली. प्रकाशकाचा दबाव होता असं त्याचं म्हणणं. आतल्या एका तळटीपेत हुसर्ल यांचे आभार मात्र तसेच राहिले. तळटीपेत माणसाला ठेवून मोकळं होण्याची सोय तुझ्या सरांच्या आधी खुद्द हायडेगरनं करून घेतली होती.

आता यातल्या एका कागदावर जरा थांबायला हवं. 1933 च्या डिसेंबरात त्यानं ग्यॉटिंगेनच्या नाझी प्राध्यापक संघटनेला एडुआर्ड बाउमगार्टेन या तरुण अध्यापकाबद्दल एक अहवाल पाठवला. बाउमगार्टेनशी पूर्वी त्याची जवळीक होती, नंतर बिनसलं होतं. अहवालात लिहिलं की हा माणूस समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरच्या भोवतीच्या उदारमतवादी-लोकशाहीवादी बुद्धिवंतांच्या कोंडाळ्यातून आलेला आहे, आणि इथे जमलं नाही तेव्हा तो ज्यू फ्रेंकेलच्या निकट संपर्कात होता. हा फ्रेंकेल पूर्वी ग्यॉटिंगेनला होता आणि आता इथून काढून टाकला आहे. बस. यात 'सत्'चा, म्हणजे असण्याचा, प्रश्न नाही, काळ नाही, मृत्यू नाही. एका माणसाची नोकरी घालवायला पुरतील एवढी दोन-चार वाक्यं आहेत, आणि ती लिहिणाऱ्याला कुठल्या वाक्यानं काय साधतं ते नेमकं ठाऊक आहे.

तू कॉलेजात आहेस. गोपनीय अहवाल कसे लिहिले जातात हे तुला मी सांगायला नको. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की हायडेगरच्या राजकारणातला बराच भाग तत्त्वज्ञानाच्या खात्यावर टाकूच नये. महत्त्वाकांक्षा, खुन्नस, सत्ता आपल्या बाजूला आल्यावर येणारी खुमखुमी ही स्टाफरूममध्ये मिळते, त्यासाठी ग्रीक यावं लागत नाही. काही अभ्यासक त्याच्या प्रत्येक कृतीमागे खोल तत्त्वमीमांसा शोधतात. मला तो या अहवालाचा उगाच केलेला सन्मान वाटतो.

पण सगळंच या खात्यात जात नाही, आणि सरांशी माझा खरा मतभेद इथे आहे.

तुला जे पुस्तक भिडलं त्यातली वाट तू मला शिकवू शकशील, तरी मी आठवते तशी सांगते. आपण एरवी 'लोक' जगतात तसं जगतो. लोक हसतात त्याला हसतो, लोक नावं ठेवतात त्याला नावं ठेवतो. आपलं मरण आपलंच आहे हे ज्याला खरोखर उमगतं तो त्या गर्दीतून सुटा होतो आणि निर्धारानं स्वतःचं जगणं हातात घेतो. इथपर्यंत बाबांच्या मरणानंतर तुला जे सापडलं ते सापडतं. पण निर्धार कशाचा? पुस्तक जाणूनबुजून सांगत नाही. त्याचेच विद्यार्थी तेव्हा थट्टा करायचे, "माझा निर्धार झालाय, कशाचा ते तेवढं माहीत नाही." कार्ल ल्योविट या त्याच्या शिष्यानं ही थट्टा नोंदवून ठेवली आहे.

आता त्याच पुस्तकातलं 74 वं कलम काढ. तिथे ती रिकामी जागा भरायला सुरुवात होते. निर्धाराला आशय मिळतो वारशातून; एकट्या माणसाचं प्राक्तन जोडलं जातं समूहाच्या, 'फोल्क'च्या नियतीशी; संघर्षातून त्या नियतीची ताकद मोकळी होते; आणि माणूस आपला वीरनायक निवडतो. किती थोड्या ओळींत हे होतं ते मोजून बघ. एकट्याच्या मरणापासून निघालेला माणूस थेट राष्ट्राच्या नियतीपाशी पोचतो, आणि मधल्या रस्त्यात त्याला शेजारी भेटत नाही, वाद घालणारा कुणी भेटत नाही, कायदा, कोर्ट, ग्रामसभा, संघटना काही म्हणता काही लागत नाही. पुस्तक 1927 चं आहे, ते नाझी पुस्तक नाही. त्याच पुस्तकातून त्याचा विद्यार्थी हर्बर्ट मार्क्यूझ डावीकडे गेला, म्हणजे हा रस्ता 1933 लाच जाऊन भिडतो असंही नाही. पण 1933 दारात आल्यावर त्याला अडवील असं त्या पानांवर काहीही नव्हतं. मृत्यूपुढे ताठ उभं राहायला शिकवणाऱ्या पुस्तकानं मिरवणुकीपुढे कसं उभं राहायचं ते शिकवलेलंच नव्हतं.

ही माझी कल्पना आहे असं सर म्हणतील. मग त्यांना ल्योविटच वाचायला दे. ल्योविट ज्यू वंशाचा म्हणून देशोधडीला लागलेला. 1936 मध्ये हायडेगर व्याख्यानासाठी रोमला आला तेव्हा गुरु-शिष्यांची भेट झाली. सगळे मिळून फ्रास्काटीच्या बाजूला सहलीला गेले, तर हायडेगरच्या कोटावर पक्षाचा बिल्ला. समोर कोण बसलंय याचं भान नाही. परतीच्या वाटेवर ल्योविटनं त्याला सरळच म्हटलं, की तुमची नाझींना साथ तुमच्या तत्त्वज्ञानाच्या गाभ्यातूनच आली आहे असं मला वाटतं. हायडेगरनं ते विनाअट मान्य केलं आणि वर सांगितलं की आपली 'ऐतिहासिकते'ची संकल्पना हाच आपल्या राजकीय सहभागाचा पाया आहे. ही संकल्पना 74 व्या कलमातलीच. आता ज्यानं पुस्तक लिहिलं तोच दोन्हींचा सांधा बोट ठेवून दाखवत असेल, तर 'माणूस वेगळा, तत्त्वज्ञान वेगळं' हे आपण कुणाच्या वतीनं म्हणायचं?

काळ्या वह्यांनी तुला जो धक्का बसला त्याचं कारणही मला हेच दिसतं. त्यांचे पहिले खंड 2014 मध्ये बाहेर आले. ज्यूंबद्दलची खासगी शेरेबाजी तेव्हाच्या कितीतरी युरोपीय विद्वानांच्या कागदांत सापडते, ती वाचून वाईट वाटतं आणि आपण पान उलटतो. इथे तसं करता येत नाही. 'जागतिक ज्यू' ही गोष्ट तो आपल्या सत्-इतिहासातच बसवतो: मुळं नसलेले, सगळ्याचा हिशेब मांडणारे, आणि म्हणून आधुनिक काळाच्या रोगाचे वाहक. म्हणजे ही शेरेबाजी त्यानं स्वतः मुख्य मजकुरात घेतलेली आहे. तू ती तळटीपेत ढकललीस तर तुझा प्रबंध त्याच्या लेखनाशीच अप्रामाणिक होईल.

सरांचं वाक्य सरसकट चूक आहे असं मात्र समजू नकोस. ते काही ठिकाणी अगदी बरोबर लागू पडतं, फक्त आधी तपासून बघावं लागतं. गोटलोब फ्रेगे घे. आधुनिक तर्कशास्त्राचा पायाच त्यानं 1879 च्या एका छोट्या पुस्तकात घातला. 1924 मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, त्यानं एक डायरी लिहिली. तीत ज्यूद्वेष आहे, लोकशाहीचा तिटकारा आहे, कुणीतरी खंबीर नेता यावा अशी आस आहे. वाचताना शिसारी येते. पण ती डायरी जाळली किंवा दहा वेळा छापली, तरी त्याच्या तर्कशास्त्रातलं एक चिन्हही जागचं हलत नाही. 'सर्व' आणि 'काही' यांचं त्यानं केलेलं विश्लेषण ज्यूद्वेष्ट्याला जेवढं उपयोगी तेवढंच त्याच्या विरोधकाला.

आणि विरोधक तर खरोखरच होता! फ्रेगेवर विसाव्या शतकातलं सगळ्यात मोठं काम केलं ते ऑक्सफर्डच्या मायकेल डमेटनं. 1960 च्या दशकात ब्रिटनमध्ये काळ्या आणि आशियाई स्थलांतरितांविरुद्ध वातावरण तापलं तेव्हा डमेट आणि त्याची बायको अ‍ॅन यांनी वंशद्वेषविरोधी कामात स्वतःला झोकून दिलं. फ्रेगेवरचं पुस्तक रखडलं, ते 1973 मध्ये निघालं. त्याच्या प्रस्तावनेत डमेटनं हे सगळं मोकळेपणानं सांगितलंय: ज्या माणसाच्या विचारांवर मी इतकी वर्षं घालवली तो निदान आयुष्याच्या शेवटी तरी कडवा वंशद्वेष्टा होता, हे कळल्यावर मला धक्का बसला. आणि इतकं सांगून पुढे शेकडो पानं फ्रेगेच्या अर्थविचारावर. वंशद्वेषाशी लढणं हे भाषेच्या तत्त्वज्ञानातून निघतं असा आव त्यानं आणला नाही. समोर अन्याय होता, तो लढला; समोर फ्रेगेचं कोडं होतं, ते त्यानं सोडवलं. मला हा माणूस फार आवडतो.

म्हणजे तळटीप फ्रेगेला चालते, हायडेगरला चालत नाही. राजकारण काढून घेतलं तर युक्तिवादातली कुठली वीट ढिली होते, हे प्रत्येक तत्त्वज्ञापुरतं वेगळं पाहायचं. एकच फूटपट्टी घेऊन सगळ्यांना मोजणाऱ्यांनी बहुतेक वेळा मूळ पुस्तक उघडलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट मी पाहते, आणि माझ्या मते निकाल तिथे लागतो. विचारातून राजकारणाकडे जाणारी वाट सगळ्यांना दिसते. राजकारणाकडून विचाराकडे परत येणारी वाट आहे का? घडलेल्या गोष्टी विचाराला दुरुस्त करू शकतात का? भावानं आंबेडकरांचं नाव काढलंच आहे, तर त्यांच्याकडेच बघू. 1913 ते 1916 ते कोलंबिया विद्यापीठात होते, अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युईंच्या वर्गात बसले होते. 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी ड्युईंना आपले गुरू म्हणून, ज्यांचं आपल्यावर मोठं ऋण आहे असे गुरू म्हणून, उद्धृत केलंय. लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धत नाही, ती एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हा धागा ड्युईंचा. पण मधे 1927 चं महाड होऊन गेलेलं आहे. तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायले म्हणून माणसांची डोकी फुटली आहेत. एकत्र जगण्याची वाटच धर्मानं बंद केलेला समाज ड्युईंच्या डोळ्यांपुढे नव्हता. आंबेडकरांच्या समोर तोच होता. म्हणून गुरूचा विचार त्यांच्या हातात तसाच्या तसा राहत नाही. त्याला एक नवा, जास्त कडक प्रश्न चिकटतो: लोकशाहीच्या आधी काय मोडावं लागेल? तो प्रश्न पुस्तकातून आलेला नाही, महाडहून आलेला आहे.

हायडेगरकडे ही परतीची वाट शोध. मला सापडलेली नाही. 1934 मध्ये त्याचा भ्रमनिरास झाला, पण तो असा की आपण चळवळीकडून जी अपेक्षा केली ती तिला झेपली नाही. म्हणजे चुकलं ते जगाचं. 1947 मध्ये मार्क्यूझनं अमेरिकेहून पत्र लिहून विनवलं की जाहीरपणे एक शब्द तरी बोला. जानेवारी 1948 चं उत्तर बघ: तुम्ही ज्यूंबद्दल जे म्हणता तिथे 'पूर्व जर्मन' घातलं तर ते दोस्त राष्ट्रांपैकी एकालाही तितकंच लागू पडेल. आणि 1949 मध्ये ब्रेमेनच्या व्याख्यानात तो म्हणाला की आजची शेती हा यांत्रिक अन्नउद्योग झाला आहे, आणि तत्त्वतः ती आणि गॅसच्या कोठड्यांत प्रेतांचं उत्पादन या एकच गोष्टी आहेत. ट्रॅक्टर आणि आउशविट्झ एका ओळीत! 'तत्त्वतः' या शब्दाआड मेलेली माणसं पार नाहीशी झाली. लाखो माणसांचं मरणसुद्धा त्याच्या सिद्धांताला ओरखडा काढू शकलं नाही; ते सिद्धांतात उदाहरण म्हणून जमा झालं. मरण ज्याचं त्याचं असतं असं ज्यानं तुला शिकवलं, त्याचं हे वाक्य आहे. प्रबंधात हे दोन उतारे आमनेसामने ठेवलेस तर परीक्षकांना सांगण्यासारखं तुझ्याकडे काहीतरी असेल, जे इंग्रजी पुस्तकांचा सारांश काढणाऱ्या प्रबंधांत नसतं.

म्हणून विषय बदलू नकोस. शीर्षकातला एखादा शब्द बदलावा लागला तर सरांशी बोलून आरआरसीकडून, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीकडून, बदलून घे. तीन प्रकरणं ठेव. चौथं प्रकरण 74 व्या कलमावर लिही, आणि ते लिहून झालं की पहिल्या तीन प्रकरणांकडे परत ये. मृत्यूच्या विवेचनातलं काय टिकतं आणि काय आधीपासूनच तिकडे कललेलं होतं ते तेव्हा तुला दिसेल. बाबा गेले त्या वर्षी जे सापडलं ते खोटं होतं असं मला वाटत नाही. पण मला वाटून उपयोग नाही, ते तूच तपासायला हवं. सरांना हवी असलेली तटस्थ भाषा तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सच्या डिसेंबर 1945 च्या पत्रात मिळेल. युद्धानंतर हायडेगरची चौकशी करणाऱ्या समितीनं मत विचारलं तेव्हा या जुन्या मित्रानं (ज्याची बायको ज्यू होती आणि जो स्वतः 1937 मध्ये नोकरीतून काढला गेला होता) लिहिलं की हायडेगरची विचारपद्धती मूलतः बंदिस्त, हुकूमशाही आणि संवादाला पारखी आहे, सध्या ती विद्यार्थ्यांच्या हाती देणं घातक ठरेल. बाउमगार्टेनच्या अहवालातला मजकूरही यास्पर्सनंच समितीपुढे ठेवला. पण त्याच पत्रात त्यानं अशीही शिफारस केली की हायडेगरला निर्वाहवेतन द्यावं, म्हणजे त्याला आपलं लेखन पुढे नेता येईल. शिकवण्यावर बंदी आली, ती 1951 पर्यंत राहिली. वर्ग एक, पुस्तक दुसरं, असा भेद यास्पर्सला करता आला, कारण त्यानं पुस्तक वाचलं होतं आणि माणूसही पाहिला होता.

आता धरणं.

जा. याला खरं तर एवढं उत्तर पुरे, पण तुझ्या सरांनी हायडेगरचा दाखला दिलाय म्हणून चार शब्द. हायडेगर अभ्यासिका सोडून बाहेर पडला ही त्याची चूक नव्हती. तो अभ्यासिका बरोबर घेऊन बाहेर पडला. आपण नेत्यांना दिशा देऊ, क्रांतीला तिचा खरा अर्थ आपण सांगू, या रुबाबात तो गेला. तुला तिथे कुणी दिशा विचारलेली नाही. तुझं मानधन थकलंय, तू तुझं मानधन मागायला जाते आहेस. तू तिथे तत्त्वज्ञानाची प्रतिनिधी नाहीस, इतिहासाच्या आणि मराठीच्या सीएचबीवाल्यांच्या शेजारी बसलेली एक सीएचबीवाली आहेस. 'सत्'चा आणि थकलेल्या बिलाचा संबंध लावून दाखवायची जबाबदारी तुझ्यावर नाही.

तरी एका माणसाबद्दल सांगते, कारण तो माझ्या वरच्या मांडणीत नीट बसत नाही आणि मला ते बरं वाटतं. झां काव्हाय्ये हा फ्रेंच तत्त्वज्ञ गणिताच्या पायांवर काम करायचा, इतका अमूर्त विषय की त्यातून राजकारण काढायला जावं तर चिमूटभर सापडू नये. फ्रान्स पडल्यावर तो भूमिगत प्रतिकारात उतरला. हेरगिरी केली, घातपात केले. 1942 मध्ये पकडला गेला तेव्हा तुरुंगात बसून तर्कशास्त्रावरचं शेवटचं पुस्तक लिहिलं. निसटला, पुन्हा पकडला गेला, आणि 1944 मध्ये आरासला जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. पुरलं ते 'अनोळखी क्र. 5' म्हणून. मी म्हणणार होते की डमेटसारखंच याचंही, तर्क एकीकडे, लढाई दुसरीकडे. पण तो स्वतः असं म्हणत नव्हता. लंडनमध्ये रेमों आरों या फ्रेंच विचारवंताला त्यानं सांगितलं की आपण स्पिनोझावादी आहोत: गणितातली एक पायरी दुसरीतून जशी अटळपणे निघते तशीच ही लढाईही आपल्याला अटळ आहे. बाहेरून मला तो सांधा दिसत नाही. त्याला आतून दिसत होता, आणि त्यानं त्याची किंमत मोजली. तेव्हा असं असू शकतं एवढं मान्य करून मी गप्प बसते.

धरण्याला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस. नेमणुकीची पत्रं, घेतलेल्या तासिकांची प्राचार्यांच्या सहीची नोंद, बँकेत शेवटचं मानधन कधी जमा झालं तो उतारा, या सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. सीएचबीबद्दलचे शासन निर्णय काढून ओळ न ओळ वाच. मजकूर शब्दाला शब्द लावून वाचायची सवय तुझ्याइतकी तिथे फार जणांना नसेल, आणि 'राहील' आणि 'राहू शकेल' यांतला फरक जेडी ऑफिसात पैशांत मोजला जातो. निवेदनाचा मसुदा लिहायला कुणी सांगितलं तर लिही. भाषण कर म्हणाले तर थोडक्यात आटप. कॉलेजकडून तासिका कमी होण्याची भीती असेल तर ती खरी भीती आहे, तिला कमी लेखू नकोस. एकटीनं पुढे उभं राहू नकोस, निवेदनावर सगळ्यांच्या सह्या असू देत, आणि त्या दिवशीची रजा लेखी टाकून जा.

ता. क. भावाला मार्क्यूझ आणि हायडेगर यांच्यातली 1947-48 ची पत्रं वाचायला दे. एकूण तीन आहेत, एका बैठकीत होतात. इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. मार्क्यूझ ज्यू होता, निर्वासित होता, डावा होता, आणि तरी पहिल्याच पत्रात तो लिहितो की तुमच्याकडून मी शिकलो. ती वाचूनही भाऊ म्हणाला की विषय बदल, तर त्याला म्हणावं, मला थेट लिही.